क्लीटाचे कान, ट्वायलाचे दात

ट्वायला एस्टेप हसायची ती तोंडावर हात धरून. बोलायची तीही हात धरून, आणि चर्चमध्ये गाणं सुरू झालं की ओठ मिटून नुसती गुणगुणायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई लाजाळू आहे. लाजाळू कसली डोंबलाची! जिभेला धार अशी की कापड कापायला कात्री नको. पण पुढचे दात किडून काळे पडलेले, दोन तर केव्हाच गळलेले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिचा एक हात जन्मभर तोंडाच्या राखणीला बसलेला. आमच्या पेल क्रीकमध्ये वाईट दातांचं कुणाला नवल नाही. विहिरीचं पाणी तसलं, तान्ह्या पोरांच्या बाटलीत कोला ओतणाऱ्या आया तसल्या, आणि दातांचा डॉक्टर दोन डोंगर पलीकडे. बाकीच्या जणी आहे तसं तोंड उघडून खदाखदा हसायच्या. ज्याला बघवत नाही त्याने डोळे मिटावेत. ट्वायलाला ते कधी जमलं नाही. तिच्या लग्नाच्या फोटोतही ओठ टीप मारल्यासारखे मिटलेले आहेत. नवरा पुढे पळून गेला, फोटो तेवढा राहिला.

मी नडीन. हार्लनसाहेबांच्या कारखान्यात मी झग्यांच्या खालच्या काठाला टीप मारते. कारखाना म्हणजे जुन्या शाळेची इमारत, तीसेक बायका आणि तेवढीच शिलाईयंत्रं. चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगे आणि कॉलेजातून पास होणाऱ्या पोरांचे झगे, दोन्ही आम्हीच शिवतो. कॉलरचं काम क्लीटा मलिन्सकडे. ट्वायला पहिल्यांदा आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. क्लीटाने तिला आपल्या शेजारच्या यंत्रावर बसवलं आणि माणसात आणलं. उसवायला लावलं, पुन्हा शिवायला लावलं, रागावली, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं. ट्वायला तिला क्लीटामावशी म्हणायची. सख्खी नव्हे, म्हणायची मावशी.

इतकी वर्षं यंत्रांच्या खडखडाटात बसून क्लीटाचे कान गेले. एकदम नाही गेले, भांड्याची कल्हई जावी तसे हळूहळू. “दोरा दे गं” म्हटलं तर ती म्हणायची, “हो ना, फारच उकडतंय.” मग ती माणसाच्या ओठांकडे बघून बोलणं पकडायला शिकली. आता सांगा, एकीला ओठ बघितल्याशिवाय ऐकू येत नाही आणि दुसरीच्या ओठांवर कायमचा हात! तर क्लीटा आपली ट्वायलाच्या मनगटावर टिचकी मारायची. “हात काढ. मला ऐकू येत नाही.” आणि ट्वायला हात काढायची. पाद्रीसमोर नाही, माझ्यासमोर नाही, एका क्लीटासमोर. ते किडके दात या जगात एकट्या क्लीटाने मन भरून बघितले होते.

कारखान्यात आम्हाला दवाखान्याचं खातं होतं. म्हणजे येत्या वर्षी औषधपाण्याला किती पैसे लागतील ते नोव्हेंबरातच सांगून ठेवायचं. मग कर कापायच्या आधी पगारातून दर खेपेला थोडंथोडं तिकडे वळतं आणि आपल्याला एक कार्ड मिळतं. वर्ष संपताना जे उरेल ते बुडालं. त्यामुळे डिसेंबर आला की जेवायच्या टेबलावर ही झुंबड, आणि मधोमध ऑफिसातली मार्व्हा, न्यायाधीशासारखी.

“मार्व्हा, सनक्रीम चालतं का गं?”

“चालतं. टूथपेस्ट चालत नाही.”

“हे कुठलं मेलं शास्त्र?”

“सरकारचं. चष्मा चालतो, जखमेच्या पट्ट्या चालतात, डोकेदुखीच्या गोळ्या चालतात, महिन्याचे पॅड चालतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या नाहीत, केसांचा रंग नाही.”

“आणि दात पांढरे करून घेतले तर?”

“नाही. उपटून घेतले तर चालतं. कवळी चालते.”

“म्हणजे आपल्याला दुखलेलं चालतं,” मी म्हटलं, “आणि आपण जरा बरं दिसायला लागलो की सरकारच्या पोटात दुखतं!”

सगळ्या हसल्या. ट्वायलाही हसली, हाताआड. तिने आदल्या वर्षी उरलेल्या पैशात सनक्रीमच्या बाटल्या घेऊन ठेवल्या होत्या. आमच्या खोऱ्यात अर्धी सकाळ ऊन उतरत नाही, आणि ही बाई भर थंडीत सनक्रीम घेऊन बसलेली!

क्लीटाचं मात्र लक्ष होतं. पुढच्या नोव्हेंबरात खात्याचे कागद भरायची वेळ आली तेव्हा तिने ट्वायलाला हाताला धरून बसवलं.

“यंदा कायदा जेवढे पैसे भरू देतो तेवढे सगळे भर. पगारातून कापतील वर्षभर, पण खर्च करायला नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी सगळे मिळतात. जा आणि दात करून घे.”

“आणि तुझे कान गं, मावशी?” ट्वायलाने हात खाली घेऊन विचारलं. कानातली यंत्रंही कार्डावर चालतात, हे मार्व्हाने आधीच सांगितलं होतं.

“कान पुढच्या वर्षी. यंदा छप्पर गळतंय. त्यात मी पगार कापून घेतला तर डेल्मर मलाच गळतीखाली बादली करून बसवेल.” डेल्मर म्हणजे तिचा नवरा. “आणि माझं काय अडतंय? तू आहेस की माझे कान.”

मी तिथेच बसले होते. ट्वायलाने मान खाली घातली. मला वाटलं, भरून आलंय तिला. भरून आलंच होतं, पण दुसऱ्या कारणाने. ते कारण तिने पुढे मला स्वतः सांगितलं म्हणून मला ठाऊक.

ऑक्टोबरातच तिने मोठ्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात अर्ज टाकला होता. काम काय, तर दारातून येणाऱ्या माणसाला हसून “या, बसा” म्हणायचं, फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या. ट्वायलाचा फोनवरचा आवाज असा गोड की चुकून नंबर लागलेला माणूससुद्धा बोलत राहायचा. दवाखानावाल्यांना तो आवाज आवडला. त्यांनी भेटायला बोलावलं. ट्वायलाने काहीतरी सबब सांगून भेट जानेवारीच्या शेवटावर ढकलली. काळ्या दातांच्या बाईला त्या टेबलामागे कोण बसवून घेतंय?

मग ती मार्व्हाकडे गेली. “मार्व्हा, एखादीने कार्डावरचे सगळे पैसे वापरले आणि मध्येच नोकरी सोडली, तर?”

“तर काही नाही. वापरलेले परत मागता येत नाहीत. कायदाच तसा आहे, भुर्दंड मालकाला. का गं?”

“सहज.”

आणि तिने पूर्ण रक्कम लिहिली.

जानेवारीत क्लीटाने रजा टाकली आणि आपल्या गाडीतून तिला डॉक्टरकडे नेलं. वरचे उरलेसुरले सगळे दात काढले आणि त्याच दिवशी कवळी बसवली. खालचे दुरुस्त करून घेतले. तिथे खुर्चीत ट्वायला, आणि क्लीटा तिचा हात धरून उभी. नंतर घरी नेऊन तिला शिजवलेल्या बीन्स कुस्करून भरवल्या, बटाटा कुस्करून भरवला, अगदी तान्ह्या पोराला भरवावं तसं. सूज उतरल्यावर क्लीटाच्या न्हाणीतल्या आरशासमोर ट्वायला पहिल्यांदा तोंड उघडून हसली. क्लीटाच्याच डोळ्यांत पाणी. “बोल,” ती म्हणाली, “काहीतरी बोल ना. आता मला लांबूनसुद्धा ऐकू येईल.”

“तिथेच सांगून टाकायचं होतं गं नडीन,” ट्वायला मला म्हणाली. “जिभेवर आलं होतं. पण ती इतकी खूश होती.”

महिना उलटायच्या आत तिला नोकरी मिळाली आणि तिने राजीनामा दिला. क्लीटाने तिला निरोपाला वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक केला. ट्वायलाने एक तुकडा खाल्ला. दुसरा घ्यायला तयार होईना. आम्ही म्हटलं, नवे दात आहेत, सवय व्हायचीय.

उन्हाळा गेला. नोव्हेंबर आला आणि हार्लनसाहेबांनी आम्हा सगळ्यांना कापड बेतायच्या टेबलाभोवती उभं केलं. म्हणाले, पुढच्या वर्षीपासून दवाखान्याचं खातं बंद. एका व्यक्तीमुळे कारखान्याला मोठा फटका बसला, लहान धंद्याला हे परवडत नाही. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मला राग आवरता आला नाही. “साहेब, दरवर्षी डिसेंबरात आमचे पैसे बुडायचे, ते कुठे जायचे? तेव्हा नाही वाटलं तुम्हाला कुणाला फटका बसला म्हणून?”

साहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. “ते खात्याच्या खर्चात जातात, नडीन.”

“मग हाही खर्चच समजा की!”

पण माझं कोण ऐकतंय. मार्व्हाने हळूच सोडून दिलं, “विचारा त्या बत्तीशीला,” आणि तेच नाव चिकटलं. किराणा दुकानात ट्वायला दिसली की एखादी मोठ्याने म्हणायची, “ती बघ, हार्लनसाहेबांची बत्तीशी चालली.” दुसरी म्हणायची, “हसली तर नीट बघ गं, एखादा दात आपला निघायचा.” ट्वायला हातातलं सामान तिथेच ठेवून बाहेर पडायची. आणि तिचा तो हात, जो जानेवारीत खाली आला होता, तो पुन्हा तोंडावर गेला. आता आत मोत्यासारखे दात, आणि वर हात.

मी क्लीटाला म्हटलं, “तुझ्या कानांचे पैसे हिनेच खाल्ले. आणि तू गप्प?”

“दात तिचे होते. कायद्याने दिले.”

“आणि तुझे कान?”

“काय?”

“कान! कान!”

“हो, वारा सुटलाय खरा,” ती म्हणाली आणि यंत्र सुरू केलं. तिला खरंच ऐकू आलं नाही की तिने सोंग घेतलं, देव जाणे. पण त्या दिवशी तिने कॉलर उलटी जोडली, आणि क्लीटाने उलटी जोडलेली कॉलर मी तोवर पाहिली नव्हती.

त्याच सुमाराला ट्वायलाच्या दवाखान्यातही तेच कागद भरायचे होते. ती तिथल्या बाईकडे गेली.

“कानातली यंत्रं चालतात ना?”

“चालतात की. तुमच्यासाठी?”

“नाही. माझ्या मावशीसाठी.”

“मावशी तुमच्या घरात राहतात? तुम्ही सांभाळता त्यांना?”

“नाही.”

“मग नाही चालत हो. तुमचे स्वतःचे, नवऱ्याचे, मुलांचे, नाहीतर तुम्हीच पोसता अशा माणसाचे. आणि मावशी सख्खी का?”

“सख्खी नाही,” ट्वायला म्हणाली. “तिने मला शिवायला शिकवलं.”

त्या बाईने सहानुभूतीने मान हलवली. सरकारकडे त्यासाठी रकाना नाही. पदरचे देईन म्हणावं तर पगार घरभाड्यात आणि पेट्रोलमध्येच संपायचा. आणि दिले असते, तरी ते घेऊन क्लीटाच्या दारात उभं राहायला तोंड कुठे होतं? पुढे मला हे सांगताना ट्वायला ते शेवटचं वाक्य तोंडावर हात धरूनच बोलली, आणि आम्हा दोघींनाही हसू आलं नाही.

सबंध हिवाळा ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटची प्रार्थना व्हायच्या आत निघून जायची. क्लीटा मागे वळून बघायची, तोवर बाक रिकामा. पाद्रीचं प्रवचन क्लीटाला ऐकू येत नसे, त्याला दाढीमिशा, त्यामुळे ओठही दिसत नसत. ती दीड तास नुसती हात जुळवून बसायची. पूर्वी ट्वायला शेजारी असताना तिच्याकडे तोंड करून मुद्द्याचं तेवढं सांगायची.

मग मे महिन्यातला पाय धुण्याचा रविवार आला, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. त्या दिवशी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. एकीने दुसरीचे पाय धुवायचे, पुसायचे, गळ्यात पडायचं. जिच्याशी वाकडं असेल तिच्याकडे आधी जायचं, असं जुनी माणसं सांगतात. बहुतेक जणी सोयीची मैत्रीण बघतात, कारण वाकड्यांची यादी कुणाकुणाची फार लांब असते.

ट्वायलाने टॉवेल कमरेला बांधला, तसराळं उचललं आणि शेवटच्या बाकापासून सरळ आमच्याकडे चालत आली. सगळ्या बायकांच्या माना तिच्याबरोबर फिरल्या. मार्व्हा तर उठून उभीच राहिली. ट्वायला क्लीटापुढे गुडघे टेकून बसली. तसराळ्यातलं पाणी हिंदकळून माझ्या बुटावर सांडलं. क्लीटाने मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले.

ट्वायला खाली मान घालून पाय धूत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मी अगदी शेजारी, तरी मलाही कळेना.

“काय म्हणतेस?” क्लीटा म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. गाणं चालू होतं, ते अडखळत थांबलं.

ट्वायलाने मान वर केली, आणि ओला हात तोंडावर गेला.

“हात काढ. मला ऐकू येत नाही.”

हात निघेना. पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं.

“हात काढ गं बाई. किडके होते तेव्हा माझ्यासमोर काढायचीस. आता काय झालं?”

ट्वायलाने हात खाली घेतला. चेहरा असा लाल झाला होता की मलाच दुसरीकडे बघावंसं वाटलं. पण मी बघितलं, सगळ्यांनी बघितलं.

“मला आधीच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मी जाणार हे कागद भरतानाच ठाऊक होतं. तुझ्या गाडीत बसले तेव्हाही ठाऊक होतं. तू मला भरवलंस तेव्हाही.”

क्लीटाने तिच्या ओठांवरची नजर काढली नाही. “परत सांग. हळू. सुरुवात निसटली माझी.”

परत! त्या मेल्या शांततेत, सगळ्या गावासमोर, एकेक शब्द सुटा करून ट्वायलाला ते पुन्हा सांगावं लागलं. प्रत्येक शब्दाला ते नवे दात दिसत होते. सरळ, स्वच्छ, एकसारखे. कुणी टोमणा मारला नाही. मार्व्हा खाली बसली.

“महिन्याला जमेल तसे देईन मी,” ट्वायला रडत म्हणाली. “तुझ्या कानांसाठी.”

“पैशाचं काढलंस तर पाय ओढून घेईन,” क्लीटा म्हणाली. “मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. म्हटलं असतं, जा, दात घे, नोकरी घे, माझे कान थांबतील. मला लागलं ते एवढंच, की तू विचारलं नाहीस.”

हे ऐकल्यावर तर ट्वायला कोसळलीच. शिवी दिली असती तर बरं, असं तोंड झालं तिचं. हात आपोआप पुन्हा वर निघाला. क्लीटाने तो अर्ध्यात पकडला, तिच्या शिवणाऱ्या बोटांनी, घट्ट.

“नाही. माझे कान गेले त्यात. निदान माझ्याशी बोलताना तरी तुला तोंड झाकता येणार नाही.”

मग तिने पाय बाहेर काढले आणि ट्वायलाने ते पुसले. गळ्यात पडणं वगैरे झालं, रीतच आहे ती. पण क्लीटा हसली नाही, आणि ट्वायलानेही तशी अपेक्षा केली नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून ट्वायला पुढच्या बाकावर बसते, पण उलटी. पाद्रीकडे पाठ आणि लगेच मागच्या बाकावरच्या क्लीटाकडे तोंड. पाद्री जे बोलतो ते सगळं ती ओठांनी पुन्हा बोलते, आवाज न करता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत. क्लीटा बघत असते आणि मधूनमधून मान डोलावते. पण क्लीटाच्या मागे आम्ही सगळे बसलेले असतो, मार्व्हासुद्धा, हार्लनसाहेबसुद्धा, आणि आम्हा सगळ्यांना दर रविवारी दीड तास ट्वायलाचे दात दिसतात. तिची मान शरमेने लाल होते, कपाळावर घाम येतो. हात वर जाऊ नयेत म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.